अनघाला हरवायचं होतं

आजारपणात मनात राग धरू नये, असं मला भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने सांगितलं. रागाने माणूस आतून पोखरतो म्हणे. सोडून दे, माफ कर, चांगले विचार कर. मी मान हलवायचे. त्या दिवसांत माझी मान तेवढी हलायची. आणि मनातला राग मी घट्ट धरून ठेवायचे, एखादं पोर मुठीत चिंच लपवून ठेवतं तसा.

ज्यांना हा आजार झाला आहे, किंवा ज्यांच्या घरात कुणी त्यातून जातं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. औषधांचं, इंजेक्शनांचं तुम्हाला डॉक्टर सांगतील. मी सांगणार आहे ते बहुधा कुणी सांगणार नाही. मला औषधांनी बरं केलं, हे खरं. पण रोज सकाळी अंथरुणातून मला सुडाने उठवलं.

कोर्ट

मी लोणावळ्याच्या एका शाळेत गणित शिकवते. माहेर लोहगडवाडीचं. गडाच्या पायथ्याशी आईचं छोटं हॉटेल आहे. गडावर जाणाऱ्यांना ती पिठलं-भाकरी आणि चहा देते. आमच्या घरात टेनिस म्हणजे टीव्हीवर चॅनल बदलताना मध्येच दिसणारी पांढऱ्या कपड्यातली माणसं, एवढीच ओळख.

तुंगार्लीच्या वरच्या अंगाला बंगल्यांची एक सोसायटी आहे. तिथलं कोर्ट शनिवार-रविवारी मुंबईहून येणाऱ्या बंगलेवाल्यांसाठी. इतर दिवशी तिथे फक्त पालापाचोळा पडायचा. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ गावातल्या बायकांना सकाळी तिथे शिकवायचे. आम्ही त्यांना सरच म्हणायचो. शाळेतली एक मैत्रीण मला ओढून घेऊन गेली तेव्हा मी चाळिशीला टेकले होते आणि जिना चढताना धापा टाकत होते.

पहिले कित्येक दिवस माझे बॉल कुंपणापलीकडच्या करवंदीच्या जाळीत जात. मग एके दिवशी एक बॉल रॅकेटच्या बरोबर मधोमध लागला. तो आवाज, आणि हातातून खांद्यापर्यंत गेलेली ती हलकीशी गुदगुली! बॉल नेटवरून सरळ गेला, पलीकडे टप्पा पडला. मी इकडेतिकडे बघितलं, कुणी पाहिलं का म्हणून. तेव्हापासून मी सुटले नाही. भाजी चिरताना मनगट वळवून बघायचे. वर्गात फळ्यावर लिहिताना सर्व्हिसचा हात वर जायचा आणि मुलं हसायची.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "येवडं पळायचंच हाये तर हितं ये की. पान्याचे हंडे वर न्यायचेत."

आमच्या गटात अनघा सगळ्यात चांगली खेळायची. ती दातांची डॉक्टर, बाजारात दवाखाना. लहानपणी पुण्यात कोचिंग घेतलेलं, त्यामुळे तिचा फोरहँड बघत राहावा असा. तिच्याबद्दल मला पुढे बरंच वाईट लिहायचं आहे, म्हणून हे आधीच लिहून टाकते. ती मला शिकवायचीही. "रोहिणी, गुडघे वाकव गं, देवळात आलीयेस का?" असं ओरडायची. मी तिच्याशी नेहमी हरायचे आणि मला त्याचं काही वाटायचं नाही.

तो दिवस

हिवाळ्यात आमच्या गटाच्या आपापसात मॅच असतात. पावसाळ्यात लोणावळ्यात कोर्टावर शेवाळ धरतं, पाय ठेवता येत नाही. म्हणून सगळी हौस थंडीत. त्या वर्षी माझी मॅच अनघाशी लागली आणि कधी नव्हे ते पहिला सेट मी जिंकले.

त्याच्या आधीच्या आठवड्यात मला जुलाब झाले होते. ते बरे झाले, पण तळपायांना मुंग्या येत होत्या. नवे बूट चावत असतील असं मी धरून चालले.

दुसऱ्या सेटमध्ये अनघा पुढे गेली. एक साधा बॉल आला, दोन पावलांवरचा. मी निघाले आणि पाय आलेच नाहीत. मी आडवी झाले. उठले, हसले, पुन्हा सर्व्हिस घेतली, आणि पुन्हा पडले. या वेळी गुडघा फुटला. पण गुडघ्याचं दुखणं नीट जाणवत नव्हतं आणि तेच मला फार विचित्र वाटलं.

"मला पाय जाणवत नाहीयेत," मी म्हणाले.

अनघा नेटपाशी आली. कमरेवर हात, चेहऱ्यावर कंटाळा. "रोहिणी, नाटकं पुरे. दम घ्यायचाय तर सरळ सांग ना."

"खरंच गं. पाय..."

"मी पुढे गेले की तुझे पाय गेले होय?" मग ती बाकीच्यांकडे वळली. "काही नाही, पॅनिक आहे. हरायची वेळ आली की होतं असं. मी डॉक्टर आहे, मला कळतं. पाणी द्या आणि बसवा तिला."

सगळ्यांनी मला पाणी दिलं आणि बसवलं. मॅच तिला मिळाली. दाताची असली तरी डॉक्टरच. तिच्यापुढे कोण बोलणार? तिने माझ्या नवऱ्याला फोनही केला. संजय आंबीच्या एका कारखान्यात शिफ्टवर असतो. ती त्याला काय म्हणाली ते मी शेजारीच बसून ऐकत होते. "घाबरू नका. टेन्शन आहे नुसतं. दोन दिवस झोपू द्या, दवाखान्यात वगैरे पळवू नका. उगीच नाही नाही त्या टेस्ट करतात."

वाया गेलेले दोन दिवस

संजयने तिचं ऐकलं. गरम पाणी, वरण-भात, झोप. दुसऱ्या दिवशी मला जिन्याची पायरी चढता येईना. मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, मॅडम म्हणाल्या ना, होईल कमी." संध्याकाळी मला संडासातून उठता येईना. त्याने काखेत हात घालून ओढलं आणि वैतागून म्हणाला, "जरा जोर लाव ना तू पण!"

हे वाक्य मी विसरलेले नाही. तोही विसरलेला नाही. आमची मुलगी नाशिकला हॉस्टेलवर असते. ती घरी असती तर तिने आरडाओरडा केला असता. मी केला नाही. खरं सांगायचं तर, नाटक करतेस असं चारचौघांत ऐकलं की माणूस स्वतःवरच शंका घ्यायला लागतो. मी पलंगावर पडून पायांना म्हणत होते, हला रे, कशाला नाटकं करता.

तिसऱ्या दिवशी आई आली. तिने सकाळी फोन केला होता आणि माझा आवाज तिला कसासाच वाटला होता. हॉटेल शेजारणीवर टाकून ती मिळेल त्या जीपने उतरली. आत आली, चादर बाजूला केली, माझा पाय उचलला आणि सोडून दिला. पाय धपकन पडला.

"हिच्या पायात जीवच न्हाई," ती म्हणाली. "जावईबापू, गाडी काडा."

"आई, त्या डॉक्टरबाई म्हणाल्या की टेन्शन..."

"माजी पोर हाये ती. नाटक करायचं असतं तर भात लावताना केलं असतं. गाडी काडा मंते ना!"

निदान

पिंपरीकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. एका तरुण डॉक्टरने छोट्या रबरी हातोडीने माझ्या गुडघ्यावर टकटक केलं. पाय उडायला हवा होता. उडला नाही. दुसरा नाही. त्याने कोपरावर मारून पाहिलं आणि त्याचा चेहरा गंभीर झाला.

"हे कधीपासून आहे?"

संजयने सांगितलं.

"मग आज का आणलं? लगेच का नाही?"

संजय फरशीकडे बघत राहिला. आई संजयकडे बघत राहिली. मी छताकडे बघत होते, कारण मान उचलायला आता जड जात होतं.

आजाराचं नाव जीबीएस. डॉक्टरांनी सोप्या शब्दांत सांगितलं, की शरीराची फौज कधीकधी चुकून आपल्याच नसांवर चालून जाते. पायांपासून सुरू होतं आणि वर वर येतं. बहुतेक जण बरे होतात, पण वेळ लागतो. उशीर झाल्यामुळे किती बिघडलं, असं संजयने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ते नक्की सांगता येत नाही. पण लवकर आलं की बरंच असतं."

ते "नक्की सांगता येत नाही" मी अजून उराशी बाळगून आहे. कदाचित दोन दिवसांनी काहीच फरक पडला नसता. कदाचित माझा डावा पाय आज नीट असता. कुणालाच कळणार नाही. आणि ज्याचा हिशेब लागत नाही, त्याचा राग सगळ्यात जास्त येतो, हे गणिताची बाई म्हणून सांगते.

आयसीयू

हात गेले. मग चेहरा. मग श्वास कमी पडायला लागला आणि घशात नळी घातली. मला सगळं ऐकू यायचं, सगळं समजायचं, आणि पापण्या सोडून काही हलवता यायचं नाही.

भीतीबद्दल लिहायला हवं. मला मरणाची भीती वाटली, पण ती अधूनमधून. कायमची भीती वेगळीच होती. नाकाला खाज आली तर? उशीची घडी कानाखाली आली तर? कुणाला सांगणार? एकदा पंख्याचा वारा सरळ डोळ्यांवर येत होता आणि ते कुणाच्या लक्षात येईपर्यंत माझं सगळं जग म्हणजे तो पंखा झाला होता.

तिथे साताऱ्याकडची एक सिस्टर होती. तिच्या ते लक्षात आलं. तिने पंखा वळवला आणि मला म्हणाली, "ताई, आपण ठरवू. हो असेल तर एकदा डोळे मिटा, नाही असेल तर दोनदा." इतकं साधं. पण त्या क्षणापासून मी पुन्हा माणसात आले. ती ओल्या कापसाने ओठ पुसायची. एका दुपारी तिने माझ्या केसांचा गुंता हळूहळू सोडवला आणि दोन वेण्या घातल्या, शाळेतल्या मुलीसारख्या. तिची मी कोण लागते? कुणीच नाही. अशा माणसांच्या जोरावर लोक तिथून बाहेर येतात.

उरलेला वेळ मी अनघाशी मॅच खेळत होते.

राग खरा माझ्या शरीरावर होता. माझीच फौज, माझ्यावरच उलटलेली. पण स्वतःच्या नसांवर सूड कसा उगवणार? सुडाला समोर एक चेहरा लागतो. मला चेहरा आयता मिळाला होता. छताकडे बघत मी सर्व्हिस करायचे, तिच्या बॅकहँडवर, कारण तो तिचा कच्चा हात. ती नेटवर आली की डोक्यावरून लॉब. ती मागे धावायची, पडायची, गुडघा फोडून घ्यायची. मी तिला पुन्हा उठवायचे आणि पुन्हा पाडायचे. मशीन माझ्यासाठी श्वास घेत होतं आणि मी तिला कोर्टभर पळवत होते. यात काही उदात्त नाही. पण त्या वेळात मला पंख्याची, नळीची, कशाची भीती वाटत नव्हती.

भेटीच्या वेळी आई यायची. हॉटेलच्या, गावच्या बातम्या सांगायची आणि शेवटी न चुकता अनघाचा उद्धार करायची. "तिच्याच दाताला कीड लागंल, बग तू. सगळं त्वांड पोकळ हुईल." मला हसू यायचं, पण चेहरा हलत नसल्याने नुसतं डोळ्यांतून पाणी यायचं. सिस्टर धावत यायची, "ताई, दुखतंय का?" मी दोनदा डोळे मिटायचे.

अनघाने फुलं पाठवली. आयसीयूत फुलं चालत नाहीत. सोबतचा मेसेज संजयने वाचून दाखवला. "तू फायटर आहेस रोहिणी. लवकर कोर्टवर भेटू." संजय पुढे काहीतरी म्हणाला, पण मी डोळे मिटले आणि उघडलेच नाहीत. हो आणि नाही यांपलीकडचं माझं ते एकमेव उत्तर.

शिकणं, पुन्हा

नळी निघाली. उजव्या हाताचं एक बोट हललं. मग मनगट. परत येताना सगळं उलट्या क्रमाने येतं. जे शेवटी गेलं ते आधी येतं. पाय सगळ्यात उशिरा.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं, "बरं झाल्यावर काय करायचंय? काहीतरी डोळ्यांसमोर ठेवा." पेशंट बहुधा सांगतात, चालायचंय, स्वयंपाक करायचाय, नातवाला उचलायचंय. मी घोगऱ्या आवाजात सांगितलं, "एका बाईला हरवायचंय. टेनिसमध्ये."

मॅडम हसल्या. मग माझ्याकडे नीट बघून त्यांनी हसू आवरलं. "कुठल्या हाताने खेळता?"

"उजव्या."

"बरं. मग आधी बसायला शिकू. बसता न येणाऱ्या बाईशी कोण हरणार?"

त्या दिवशी मी उशांच्या आधाराने बसले आणि घामाने भिजले. कोलमडायला लागले की मॅडम कानाशी म्हणायच्या, "ती पुढे चाललीय हं." त्यांना अनघाचं नावही माहीत नव्हतं. पण त्यांना कळलं होतं की मला "शाब्बास" म्हणून काही उपयोग नाही.

घर

घरी आले तेव्हा पावसाळा सुरू झाला होता. आमच्याकडचा पावसाळा म्हणजे न वाळणारे कपडे, भिंतींना ओल, आणि शनिवार-रविवारी भुशी धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांनी तुंबलेले रस्ते. मी वॉकर घेऊन खिडकीशी उभी राहायचे. धरणाच्या पायऱ्यांवर बसायला निघालेले ओलेचिंब लोक हसत, ओरडत जायचे. त्यांचे ते पाय बघून मला रडू यायचं आणि चीड यायची.

संजय माझं सगळं करायचा. आंघोळ, केस, बूट. शिफ्ट करून यायचा आणि माझे पाय चोळायचा. तो वाळला होता. पण आमच्यात ते दोन दिवस पडलेले होते आणि ते कुणीच ओलांडत नव्हतं. एकदा मी अनघाबद्दल काहीतरी कडवट बोलत होते तेव्हा तो म्हणाला, "रोहिणी, तुला बरं व्हायचंय की तिला हरवायचंय?"

"तुला यात काही वेगळं दिसतंय का?"

"मला भीती वाटते. उद्या नाहीच खेळता आलं तर तू या रागाचं काय करशील?"

"तुझ्यावर काढीन."

तो हसला नाही. मीही नाही.

पुढे मी खुर्चीत बसून रॅकेट धरायला लागले. बोटांत पकड नव्हती, रॅकेट निसटायची. संजयने आयुष्यात टेनिस खेळलेलं नाही, पण तो पावसाची उघडीप मिळाली की गच्चीवर मला खुर्चीत बसवायचा आणि समोरून हळू बॉल टाकायचा. मी मारायचे, तो वेचून आणायचा. एकदा बॉल रॅकेटवर मस्त बसला. मी तो नेम धरून संजयच्या पोटात मारला. जोरात.

तो कळवळला. पोट धरून उभा राहिला. "हा कशाबद्दल?"

"पहिल्या दोन दिवसांबद्दल."

त्याने पोटावरचा हात काढला. मग वाकून बॉल उचलला आणि पुन्हा माझ्याकडे टाकला. "अजून मार," तो म्हणाला. मी मारला. त्याने चुकवला नाही. मग त्याचे डोळे भरून आले, माझेही, आणि आम्ही दोघं ओल्या गच्चीवर वेड्यासारखे रडलो. त्याला मी तेव्हा सोडून दिलं. मनापासून.

अनघाला नाही.

ती एकदा घरी आली, फळांची टोपली घेऊन. आई होती त्या दिवशी. अनघा माझा हात हातात घेऊन म्हणाली, "किती भोगलंस गं. मला तेव्हा कल्पनाच नाही आली. लक्षणंच तशी होती ना, कुणालाही पॅनिकच वाटलं असतं."

मी वाट पाहिली. पुढचा शब्द आला असता तर काय झालं असतं, मला माहीत नाही. पण तो आलाच नाही. ती हॉस्पिटल कुठलं, डॉक्टर कोण, हे विचारायला लागली.

आईने चहा आणला. अनघाने घोट घेतला आणि थांबली. "मावशी, साखर राहिली वाटतं."

"राहिली न्हाई," आई म्हणाली. "दाताला वाईट ना, डाक्टरीनबाई?"

अनघाने तो चहा संपवला. हे मी तिच्या बाजूने नोंदवते.

पुन्हा कोर्टावर

पुढच्या थंडीत मी कोर्टावर गेले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घोट्याला पट्टा, डावा पाय किंचित घासत. मी खूश होते. मग खेळायला लागलो आणि माझ्या लक्षात आलं की कुणीच माझ्याशी खेळत नाहीये. बॉल असे यायचे जसे ताटात प्रसाद ठेवतात, अलगद, माझ्या पायाशी. माझा बॉल बाहेर गेला तरी "आत, आत!" मी काहीही मारलं की "वा रोहिणी!" आणि सगळ्यात गोड अनघा. "अगं, तू आलीस हेच केवढं आहे!"

"नाटकं पुरे" हे ऐकून झालेली जखम एक. पण ही दया त्याहून खोल गेली. तेव्हा निदान तिला माझ्याशी हरायची भीती तरी होती.

मी बायकांच्या वेळेनंतर थांबायला लागले. भिंतीवर बॉल मारत राहायचे. सर रोज बघायचे. एकदा म्हणाले, "पळता येत नाही ना तुम्हाला? मग दुसऱ्याला पळवा." त्यांनी मला नेटच्या पलीकडे टुपकन पडणारे ड्रॉप शिकवले, आणि त्यामागोमाग डोक्यावरून जाणारे लॉब. पुढे ओढायचं, मागे पळवायचं. छताकडे बघत मी जे खेळत होते तेच, फक्त आता हात दुखत होता.

थंडी सरत आली तेव्हा एका सकाळी सगळ्यांसमोर मी म्हणाले, "अनघा, एक सेट खेळू. पॉइंट मोजून."

"अगं, कशाला? मजेत खेळू की."

"मला मजा नकोय."

अनघाने सगळ्यांकडे एकदा बघितलं. मग ती म्हणाली, "बरं बाई. ये."

संजय होता. आईलाही त्याने मुद्दाम आणलं होतं; ती कठड्यावर पदर खोचून बसली होती. सुरुवातीला अनघाने तेच केलं, प्रसाद वाढला. मी ते सगळे बॉल घेतले आणि कोपऱ्यांत मारले. पहिले गेम मला मिळाले. तिच्या चेहऱ्यावरचं हसू जरा ताणलं. मग तिने खरी सर्व्हिस मारली, माझ्या डाव्या बाजूला, जिथे पाय उशिरा येतो. मी चुकले. मला इतका आनंद झाला की ओरडावंसं वाटलं.

तिने मला गाठलं. मग मी तिला पळवायला लागले. ड्रॉप. लॉब. ड्रॉप. ती पुढे यायची, मागे जायची, तिचा दम वाजत होता, केस कपाळाला चिकटले होते. मी एका जागी उभी राहून तिला नाचवत होते आणि प्रत्येक वेळी ती वळली की मला गोड वाटत होतं. लाज वाटायला हवी होती का? नाही वाटली. आई कठड्यावरून ओरडत होती, "पळव! अजून पळव तिला!" सोसायटीचा वॉचमन बघायला आला.

सहा-सहा गेम झाले आणि टायब्रेक लागला. माझा मॅच पॉइंट. लांबलचक रॅली; डावा पाय आता बधिर झाला होता. तिने सगळी ताकद लावून फोरहँड मारला, माझ्या मागच्या रेषेच्या, बेसलाइनच्या कोपऱ्यात. बॉल माझ्याजवळ पडला. आमच्याकडे अंपायर नसतो. आपल्या बाजूचा बॉल आपणच सांगायचा.

"आउट," मी म्हणाले.

अनघा नेटपर्यंत चालत आली. "आत होता."

"बाहेर होता."

"लाइनवर होता रोहिणी, मी बघितला!" तिचा चेहरा लाल झाला होता. "आजारातून उठलीस म्हणून काहीही चालेल का? ही सरळसरळ लबाडी आहे!"

मग एकीने हळूच म्हटलं, "अगं अनघा, असू दे ना, ती आत्ताच कुठे..."

"असू दे नाही," मी म्हणाले. "बोलू दे तिला."

आजाऱ्याला कुणी लबाड म्हणत नाही. आजाऱ्याशी कुणी भांडत नाही, त्याच्यावर कुणी जळत नाही. त्या बाईने रॅकेट जमिनीवर आपटली, माझ्याशी हात न मिळवता बाकावर जाऊन बसली, आणि तिथूनही माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. कित्येक महिन्यांत माझ्याकडे कुणी असं बघितलं नव्हतं. मी बरी झाले होते.

तुम्ही विचाराल, मग आता तरी माफ केलं का? नाही. तिने "चुकले" म्हटलेलं नाही आणि मी वाटही बघत नाही. आम्ही खेळतो, अजूनही. बहुतेक वेळा ती जिंकते, आणि बॉल अंगावर मारते. डावा पाय घासतोच. गार हवेत बोटांना मुंग्या येतात. तुमच्या उशाशी बसून कुणी सांगेल, राग सोड, तर ऐकून घ्या. तुमच्याकडे धरायला त्याहून चांगलं काही असेल तर जरूर सोडा. नसेल, तर धरून ठेवा आणि त्याच्या आधाराने उठून बसा. कुणावर येतोय ते मात्र नीट बघा. नवऱ्यावरचा वेगळा, परक्यावरचा वेगळा.

आणि त्या बॉलबद्दल गावात अजून चर्चा होते, म्हणून इथे लिहून ठेवते. तो बाहेर होता. बोटभर का होईना, पण बाहेर होता. मी तिथेच उभी होते, माझ्या दोन पायांवर.